उजव्या मांडणीवरचे सहा उंदीर

१

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला बुलढाण्यातल्या एका औषधनिर्माण कॉलेजच्या मागच्या प्रयोगशाळेत बारा काचेच्या बशा ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येक बशीत एका उंदराचा मेंदू, हरभऱ्याच्या घाट्याएवढा. त्यातले सहा निळे निघायला हवे होते आणि सहा पांढरे.

बाराही निळे होते.

शाइस्ता मॅडमनी चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा मोजले. मग आपल्या विद्यार्थिनीला, पूनमला, म्हणाल्या, “ट्यूब लाव.” ट्यूब लावली तर ते जास्तच निळे दिसायला लागले.

फाटकावर बसलेल्या भाऊरावाला हे साडेअकराला कळलं. भाऊराव कॉलेजचा दिवसपाळीचा वॉचमन. त्याआधी तीस वर्षं तो सरकारी खरेदी केंद्रावर कापसाचा ग्रेडर होता. गाडीतून मूठभर कापूस ओढायचा, दोन अंगठ्यांमध्ये धागा तोडायचा आणि माल कोणत्या नंबरचा ते सांगायचं, हे त्याचं काम. केंद्रं बंद पडली आणि ग्रेडर फाटकावर आला. त्याच्याबद्दल गावात ज्या गोष्टी सांगतात त्यातल्या निम्म्या खोट्या आहेत. अडचण एवढीच, की कोणत्या निम्म्या ते कोणालाच ठाऊक नाही. डोळ्यांना पट्टी बांधून नुसत्या बोंडाच्या वासावरून तो गाव सांगे, म्हणतात. एकदा एका मेलेल्या माणसाच्या उशीवरून त्यानं सासुरवाडी ओळखली, असंही म्हणतात. पण त्याच्या घरची गादी मात्र खरी. तीस वर्षं हाताळलेल्या नमुन्यांचा कापूस त्यानं तिच्यात भरला होता, जिल्ह्याचे तेराही तालुके. रात्री कूस बदलली की भाऊराव मोताळ्यावरून मेहकरावर जायचा.

गादी दोघांची होती. तीन वर्षांपासून तो एकटाच तिच्यावर प्रवास करत होता.

दिवसाला दोनशे माणसं फाटकावरच्या वहीत नाव लिहून आत जात. भाऊरावाला त्याचं नाव विचारणारं त्यात एकच माणूस निघालं, शाइस्ता मॅडम. दुपारी चहा घेऊन त्या फाटकाशी येत आणि त्याच्या स्टुलासमोरच्या दगडावर बसत. तिथेच त्यांनी त्याला आपलं संशोधन समजावून सांगितलं होतं.

“मेंदूला वेस असते, चाचा. आणि वेशीवर वेसकर. रक्तातून जे येईल त्याला तो विचारतो, कोण तू, कुठला? साखरेला आत सोडतो. दारूला तर सलाम ठोकतो. पण औषध आलं की काठी आडवी.”

“मंग हा वेसकर आपल्याच भागातला दिसते,” भाऊराव म्हणाला होता.

त्या हसल्या होत्या. नंतर हसल्या नव्हत्या. कारण पुढची गोष्ट त्यांच्या घरची होती. धाड या गावी त्यांचा भाऊ मुजम्मिल लोकांच्या वावरात फवाऱ्याचा पंप घेऊन जायचा. एका दुपारी तो पऱ्हाटीतच, उभ्या कपाशीत, पडला. विष वेस ओलांडून आत गेलं आणि दवाखान्यात दिलेला उतारा वेशीबाहेर उभा राहिला. अंग वाचलं. पण तेव्हापासून तो सख्ख्या बहिणीला विचारतो, “आप किसके घर से हैं?”

म्हणून मॅडमनी एक थेंब तयार केला होता. नाकात टाकला की वेसकराला तासाभराची डुलकी लागावी आणि तेवढ्यात उतारा आत शिरावा. तपासायची रीत सोपी. डाव्या मांडणीवरच्या सहा उंदरांच्या नाकात पंधरा दिवस रोज औषधाचा थेंब, उजव्या मांडणीवरच्या सहांच्या नाकात नुसतं मिठाचं पाणी. शेवटच्या दिवशी बाराही जणांच्या रक्तात निळा रंग सोडायचा. वेस बंद असली की कान निळे, पंजे निळे, शेपूट निळं, मेंदू तेवढा पांढरा राहतो. उघडली की मेंदूही निळा. उन्हाळ्यात तीन वेळा असंच झालं होतं: डावे निळे, उजवे पांढरे.

आता मिठाच्या पाण्यानंही वेस उघडली होती. म्हणजे एक तर कोणीतरी घात केला, नाही तर उन्हाळ्यातले तिन्ही निकाल खोटे.

संस्थेचे अध्यक्ष भगवानराव जीप घेऊन बारा वाजता आले आणि फाटकातच म्हणाले, “सोमवारी नागपूरची समिती येऊन राह्यली. तोवर सांगा काय झालं ते. नाही सांगता आलं, तर प्रयोग बंद, आन् मॅडमले नारळ. खोटे आकडे लिवणारा माणूस माझ्या संस्थेत नको.”

२

चौकशी भाऊरावाकडे आली ती भगवानरावांच्या आळसामुळे. बाहेरचं कोणी आत गेलं होतं का, एवढं वहीत पाहून सांग, असं ते म्हणाले. भाऊरावानं वही पाहिली. पंधरा दिवसांत त्या खोलीकडे चौघेच गेले होते. मॅडम स्वतः, थेंब टाकणारी पूनम, बाटल्या भरणारा आणि सामान आणणारा प्रयोगशाळा साहाय्यक वकार, आणि पिंजऱ्यांची झाडलोट करणारी, धाड रस्त्यावरच्या वस्तीवरून रोज जीपनं येणारी सोजराबाई.

एवढं सांगून तो मोकळा होऊ शकला असता. पण दुपारी चहा आला नाही. दगड रिकामा राहिला. भाऊरावानं फाटक शिपायाच्या हवाली केलं आणि तो मागच्या इमारतीकडे गेला.

मॅडम बशांसमोर बसल्या होत्या. भाऊराव म्हणाला, मले उंदरातलं काही समजत नाही, पण मालात भेसळ कुठं होते ते समजते. आधी गाडी पाहायची, मग गाठोडं, मग कापूस. बाटल्या दाखवा.

बाटल्या दोन. तपकिरी बाटलीत औषध, कुलपात ठेवलेली. पांढऱ्या बाटलीत मीठपाणी, मांडणीवरच. दोन्हींवर वकारच्या हातच्या चिठ्ठ्या.

“वकारनं चिठ्ठ्या बदलल्या असतील तर?” मॅडम म्हणाल्या. “कायम केलं नाही म्हणून तो नाराज आहे. मीच म्हणायला नको, पण आहे.”

भाऊरावानं बशांकडे पाहिलं. “चिठ्ठ्या बदलल्या असत्या तर डावे पांढरे निघते आन् उजवे निळे. उलट झालं असतं. हे तं दोन्ही निळे हायेत.”

मॅडमनी मान वर केली. तसं पाहिलं तर एवढं त्यांनाही सुचलं असतं. पण ज्याच्या घराला आग लागते त्याला विहीर दिसत नाही.

मग दुसरी शंका. कोणी बाराही उंदरांना औषधच पाजलं असेल तर? सहा उंदीर, पंधरा दिवस, नव्वद थेंब. मॅडमनी तपकिरी बाटली मोजली. बरोबर नव्वद थेंबांनीच उतरली होती. पांढऱ्या बाटलीतलं पाणी तपासलं. मीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. निळा रंग एकाच बाटलीतून, एकाच हातानं, एकाच सकाळी बारा जणांना दिलेला.

भाऊरावानं बाटल्या बाजूला सरकवल्या. मग म्हणाला, “दवा खरी, पानी खरं, रंग खरा. मंग उंदीरच बदलले म्हना ना. त्या सहांची वेस आधीच मोडली व्हती.”

“कशानं?”

ते त्याला माहीत नव्हतं. रोजची नोंद पाहावी म्हणून त्यानं पूनमची वही मागितली. वही आली. पहिला दिवस, दुसरा, तिसरा, चौथा. मग सातवा.

मधलं पान फाडलेलं होतं.

३

पूनम सोनाळ्याची. होस्टेलात राहायची, कमी बोलायची, आणि बोलली तर खाली पाहून. भाऊरावानं तिला फाटकाशी बोलावलं आणि मॅडमच्या दगडावर बसवलं. पान कोणी फाडलं असं त्यानं विचारलंच नाही. त्यानं वहीचा आपला रकाना तिच्यापुढे धरला. पाचव्या आणि सहाव्या दिवशी पूनमचं नाव आत येणाऱ्यांत नव्हतं.

ती रडली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. औरंगाबादला एका कंपनीत मुलाखत होती, दोन दिवस लागले, मॅडमना सांगायची हिंमत झाली नाही. सांगितलं असतं तर त्या जा म्हणाल्या असत्या, आणि मग इथे त्यांच्याजवळ कोणीच उरलं नसतं. म्हणून ती न सांगता गेली, आणि न सांगताच परत आली. नोकरीही मिळाली नाही.

“मंग दोन दिवस थेंब कोनं टाकले?”

“सोजरामावशीनं. मी दाखवून गेले होते, काका. तपकिरी बाटलीतलं डावीकडं, पांढरीतलं उजवीकडं. चुकू नको म्हणून समजावूनही सांगितलं, की डावीकडच्यांना औषध आहे, उजवीकडच्यांना नुसतं मीठपाणी.”

सोजराबाई चुकली नव्हती; नव्वद थेंबांचा हिशेब तेच सांगत होता. भाऊरावानं दुसरं विचारलं. परत आल्यावर उंदरांत काही फरक दिसला का?

पूनमला आठवलं. चार-पाच दिवसांनी उजवीकडच्यांच्या डोळ्यांना पाणी यायला लागलं होतं. तोंडं ओली दिसायची. दोघं-तिघं मधूनच थरथरायचे. डिसेंबर सुरू झालेला, खोलीत गारठा. थंडीनं असेल म्हणून तिनं लिहिलं नाही.

“डावीकडचे थरथरले नाही?”

“नाही.”

“थंडी एकाच मांडनीवर पडते का, पोरी?”

 याचं अर्धं उत्तर भाऊरावाकडे होतं. डोळ्याला पाणी, तोंडाला लाळ, अंगाला थरथर. हंगामात धाडच्या रस्त्यानं जीपमधून येणारी माणसं त्यानं अशीच पाहिली होती, पाठीवरचा पंप नुकताच उतरवलेली.

वकार तेवढ्यात स्वतःच आला. सगळा गाव आपल्यालाच चोर समजतो, हे तोंडावर सांगायला आला होता. भाऊरावानं त्याला विडी दिली आणि म्हणाला, तू बदमाश हायस हे सगळ्यांना माहीत हाय, पण इतका हुशार नाहीस. वकार चिडायच्या आधी हसला. मग विडी ओढता ओढता त्यानं एक गोष्ट सांगितली, तिला काही किंमत आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं.

पिंजऱ्यांत भाताचं तूस अंथरतात. सोमवारी आणि गुरुवारी बदलतात, हा नियम. पण मंगळवारी, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, सोजराबाईनं त्याच्याकडे तुसाचं जास्तीचं पोतं मागितलं. उंदरांनी ओलं केलं, म्हणाली.

“सगळ्या पिंजऱ्यांसाठी?”

“नहीं चाचा. सिर्फ उजवेवाले.”

४

उजव्या मांडणीवरचे पिंजरे आता रिकामे होते. भाऊरावानं एकेक उचलून उजेडाकडे धरला. तूस कोरं, कोपरे झाडलेले. सोजराबाई नीटनेटकी बाई. पण जाळी हाती लागलेलं सोडत नाही. नवव्या पिंजऱ्याच्या खालच्या तारेत चिमूटभर पांढरं काहीतरी अडकलं होतं.

“ड्रेसिंगचा कापूस असेल,” मॅडम म्हणाल्या. “आम्ही वापरतो.”

भाऊरावानं ती चिमूट सोडवून दोन अंगठ्यांमध्ये धरली. तीन वर्षांत त्याच्या अंगठ्यांनी कापूस तोडला नव्हता. पण अंगठे विसरत नाहीत. त्यानं धागा ओढला, तोडला, टोकं जुळवली, पुन्हा ओढला.

“हा दवाखान्याचा नाही जी. तो धुतलेला असते, त्यात जीव नसते. हा वावरातला हाय. हे पाहा, सरकीचं टरफल. धागा लांब, म्हंजे नवं बीटी बियानं. यंदाची पहिली वेचनी.” मग तो थांबला आणि त्यानं अंगठे एकमेकांपासून सोडवले. ते चटकन सुटले नाहीत. “आन् हा चिकट हाय.”

“चिकट म्हणजे?”

चिकट म्हणजे पिठ्या ढेकूण. बीटीला बोंडअळी येत नाही म्हणून लोक खूश होते. तर ह्या चार-पाच वर्षांत झाडावर पिठासारखा पांढरा किडा बसायला लागला. तो रस पितो आणि गोड चिकटा सोडतो. बोंडं फुटली तरी किडा हटत नाही, म्हणून लोक वेचणी चालू असताना फवारत राहतात. आज फवारा, परवा वेचणी. चिकट कापूस हाती आला की ग्रेडर समजतो, ह्या वावरानं औषध फार प्यालंय.

मॅडमनी त्याच्या हातातली चिमूट घेऊन हळूच बशीत ठेवली.

उंदीर घरटं करतो. मिळालेलं चावतो, अंगाला लागलेलं चाटतो. आठ दिवस त्या कापसात झोपले असतील, तर पोटात काय गेलं असेल आणि वेस कशानं मोडली असेल हे मॅडमना कोणी सांगायची गरज नव्हती. पण तिथे कापूस आणला कोणी, हे भाऊरावाला आता ठाऊक होतं, आणि त्यामुळेच त्याला बरं वाटत नव्हतं.

फाटकावर बसणाऱ्याला माणसांची तोंडं आठवत नाहीत, पिशव्या आठवतात. पूनम परतली त्या दिवसापासून सोजराबाईची कापडी पिशवी सकाळी येताना फुगलेली असायची आणि संध्याकाळी जाताना चपटी. डबा असेल, असं तो समजला होता. मंगळवारी मात्र उलटं झालं होतं. ती चपटी पिशवी घेऊन आली आणि फुगलेली घेऊन गेली. तेव्हा भाऊरावानं तिला हटकलं नव्हतं, उलट विचारलं होतं, काय घेऊन चालली बाई, उंदरायचा आहेर?

ती हसली नव्हती. आणि गुरुवारपासून कामावर आली नव्हती.

५

शनिवारी भाऊराव धाडच्या जीपमध्ये बसला. घाटावरच्या वाऱ्यानं कान गार पडले होते. अलीकडच्या वस्तीवर उतरला तेव्हा सोजराबाई ओट्यावर बसून काही न करता समोर पाहत होती. नवरा कधीचाच गेलेला, मुलगी दिली तिकडे जळगाव जामोदला. तिनं भाऊरावाला ओळखलं, बाजेवर बसवलं आणि ती चहाला आत गेली.

घर एकाच खोलीचं, आणि खोलीत कापूस. जमिनीपासून आढ्यापर्यंत. भाव नाही म्हणून यंदा सगळ्यांच्याच घरात होता. लोक त्याच्यावरच अंथरूण टाकत आणि अंग खाजवत सकाळी उठत. सोजराबाईच्या कापसाच्या ढिगात एक खळगा होता, बरोबर एका माणसाच्या मापाचा. तिथे ती झोपत असे. पुढच्या बाजूला फक्त चुलीपुरती जागा.

तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पुरळ होता. चहाचा कप बशीतच किणकिणत आला.

“साखर टाकली का हो मी, भाऊ?”

“टाकली.”

भाऊरावानं कापसाचा विषय काढला नाही. यंदा थंडी लय हाय, म्हणाला. तिनं मान हलवली. उंदरायले लागत असन, म्हणाला. तिनं पदर तोंडाला लावला.

“साखर टाकली का हो मी?”

“टाकली, बाई.”

मग तिनं आपणहूनच सांगितलं. पंधरा वर्षांत त्या खोलीत तिनं नियम मोडला नव्हता. उंदरांची नावंही तिनं मनातल्या मनात ठेवली होती, मोठ्यानं घेतली नव्हती. नऊ नंबरचं नाव तिच्या मुलीचं होतं. ते मरणार हे तिला ठाऊक असायचं, सगळेच मरतात. पण डावीकडच्यांना मॅडमचं औषध मिळतं आणि उजवीकडच्यांना काहीच नाही, हे तिला त्या दोन दिवसांतच पहिल्यांदा कळलं.

“एकाच्या नाकात दवा आन् एकाच्या नाकात मिठाचं पानी. असं काऊन? त्यायनं काय पाप केलं व्हतं? मी म्हनलं, दवा नाही तं ऊब तरी भेटू द्या. माह्या घरी दुसरं होतं तरी काय, हाच कापूस. रोज मूठ मूठ नेला, तुसाखाली दडवला. परीक्षेच्या आदल्या दिशी काढून घेतला, म्हनलं मॅडम रागावन.” ती थांबली. “मॅडमची नोकरी जाते म्हन्तेत. माह्यामुळं?”

भाऊरावानं उरलेला चहा एका घोटात संपवला.

 मग तिनं त्याच्या हातातल्या रिकाम्या कपाकडे पाहिलं आणि तिसऱ्यांदा विचारलं, साखर टाकली का हो मी?

 हा प्रश्न त्यानं आधी ऐकला होता. दुसऱ्या बाईच्या तोंडून, त्याच्याच घरी.

६

सोमवारी नागपूरची दोन माणसं मलकापूरला रेल्वेतून उतरून, घाट चढून आली. भगवानरावांच्या खोलीत सगळे जमले. वॉचमन बोलणार म्हटल्यावर नागपूरवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

भाऊरावानं त्यांना गाडी दाखवली, मग गाठोडं, मग कापूस. चिठ्ठ्या बदलल्या नव्हत्या, कारण निकाल उलटा नव्हता. औषध सांडलं नव्हतं, कारण नव्वदच थेंब उतरले होते. आजारी झाले ते फक्त उजवीकडचे, पूनम परतल्यानंतरच. आणि बदललं गेलं तेही फक्त उजवीकडचं तूस. जाळीतला कापूस वावरातला होता आणि चिकट होता. एवढं बोलून तो बसला, कारण पुढचं मॅडमचं होतं.

मॅडमनी काचेची पट्टी पुढे ठेवली. रविवारभर पूनम आणि वकार तिच्यासाठी खपले होते. पट्टीवर तीन ठिपके, एकाच उंचीवर, म्हणजे तिन्हींत एकच विष. एक जाळीतल्या कापसाच्या धुवणाचा, एक भाऊरावानं वस्तीवरून आणलेल्या मूठभर कापसाचा, आणि एक फवाऱ्याच्या डब्यातल्या औषधाचा.

“मले कापूस नका शिकवू,” भगवानराव म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता. “माह्या घरातही चारशे क्विंटल पडला हाय. नातवंडं त्यावर उड्या मारतेत.”



मग भगवानरावांना आपली खुर्ची आठवली. नियम मोडणाऱ्या बाईला आजच कामावरून काढा, म्हणाले. सोजराबाई दाराशी उभी होती. मॅडम उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

“इनको निकालेंगे, तो मैं भी जाऊँगी, सर. उन्हाळ्याचे माझे निकाल खरे होते, ते आता कळलं. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट या बाईनं दाखवली. मी सहा वर्षं वेस उघडायच्या मागे होते. ती आपल्याकडे घरोघर आधीच मोडली असेल का, हे मी कधी विचारलंच नाही. असेलच असं म्हणत नाही. सहा उंदरांवरून काही ठरत नाही. पुन्हा करावं लागेल. बारा कापसात, बारा तुसात.”

नागपूरच्या वयस्कर माणसानं पट्टी उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. प्रयोग पुढे चालू. बाईंना ठेवा, पिंजऱ्यात काय गेलं याची नोंद यापुढे त्यांच्याच अंगठ्याखाली होईल.

सोजराबाईला त्यातलं एकच समजलं. तिनं मॅडमना हळूच विचारलं, “या खेपेले तरी समद्यायले दवा हाय का?”

मॅडमनी तिचा पुरळ आलेला हात हातात घेतला आणि मुजम्मिलला दाखवतात त्याच डॉक्टरकडे तिला नेईन, म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत वकार टेम्पो घेऊन गेला आणि वस्तीवरच्या त्या खोलीतला कापूस कॉलेजच्या शेडमध्ये आला. सोजराबाईला तिच्या घराची जमीन तीन महिन्यांनी दिसली.

७

गावात ही गोष्ट पोचेपर्यंत भाऊरावानं उंदराच्या मिशीवरून शेताचा सातबारा काढून दिला होता. तो कोणाला दुरुस्त करत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा आला. मॅडम दगडावर बसल्या. भाऊरावानं खिशातून एक कागदी पुडी काढून त्यांच्या हातात दिली. ग्रेडर नमुना बांधतात तशी, चारही बाजूंनी दुमडलेली, वर चार ओळी. गाव, नाव, तारीख, नंबर.

“हा कुठला आणखी?” मॅडमनी पुडी उलटीसुलटी केली.

“तेरा तालुक्यांचा हाय जी. गादी उसवली सकाळी.”

नावाच्या ओळीत लिहिलं होतं, जनकाबाई. मॅडमनी ते वाचलं आणि पुडी मांडीवर ठेवली.

भाऊरावाची बायको जनकाबाई आधी चहात साखर टाकली का ते पुन्हा पुन्हा विचारायची; मरणाआधीची दोन वर्षं तर ती नवऱ्याला ओळखतही नव्हती. वयानं असेल, डॉक्टर म्हणाले होते, वय छप्पन. भाऊराव तिला खरेदी केंद्रावरचा कोणी साहेब वाटायचा. रोज संध्याकाळी ती गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून मूठभर कापूस काढी आणि पदर सावरून त्याच्यापुढे धरी. साहेब, माल पाहा ना, कोन्ता नंबर लागन? आणि भाऊराव म्हणे, एक नंबर. मग ती समाधानानं तो कापूस पुन्हा गादीत भरी. लग्नानंतरची तीस वर्षं दोघांत जितकं बोलणं झालं नसेल तितकं त्या दोन वर्षांत झालं, आणि त्यातलं एकही ती भाऊरावाशी बोलली नव्हती.

“चाचा,” मॅडम म्हणाल्या, “यात काही सापडलं तर? ती गादी तुम्हीच भरली होती.”

“हाव. म्हनून तं.”

“नाही पाहिलं तरी चालतं. काही गोष्टींचं उत्तर नसलं तरी माणूस जगतो.”

“मुजम्मिलले घरी पाहून तुमी काऊन नाही थांबल्या मंग?”

 फाटकातून जीप आत आली, भाऊरावानं उठून वही पुढे केली, नाव लिहून घेतलं, परत येऊन बसला. चहा निवला होता. मॅडमनी पुडी पुन्हा वाचली आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

“नंबर राहिलाय, चाचा.”

“राहू द्या,” भाऊराव म्हणाला. “दोन वर्सं रोज एक नंबर लावला जी तिले, हात न लावता. आता तुमी पाहून लावा.”